चांद्यात लोखंड होतं, हातात पैसा होता, तरी जमशेदजी टाटांनी १७ वर्षं खाण का घेतली नाही?

१८८२ सालची गोष्ट. नागपुरात एम्प्रेस मिल सुरू होऊन पाच वर्षं झाली होती, धंदा मार्गी लागला होता. अशात मिलचे मालक जमशेदजी टाटा यांच्या हाती एक सरकारी अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने तो लिहिला होता. विषय होता चांदा जिल्ह्यातलं लोखंड. तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली.

श्वार्ट्झच्या मते या जिल्ह्यातल्या लोहारा गावाजवळचं लोहखनिज उत्तम होतं. शिवाय वरोऱ्याला दगडी कोळसा होता आणि वरोऱ्यापर्यंत रेल्वेही आली होती. लोखंडाचा कारखाना काढायला आणखी काय लागतं?

तरीही जमशेदजींनी १८९९ पर्यंत तिथे खाण घेतली नाही. आणि हा काही घाबरट माणूस नव्हता. आजही एखादी कंपनी परक्या देशात खाण घ्यायला निघाली की तिच्यापुढे जो प्रश्न येतो, तोच तेव्हा जमशेदजींपुढे होता. फरक इतकाच, की ते आपल्याच देशात होते आणि सरकार परकं होतं.

लंडनमध्ये मिळालेला धडा

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी मात्र पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापारात उतरले होते. मुलगाही मुंबईला आला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि वडिलांच्या पेढीत कामाला लागला. विशीतच त्याला हाँगकाँगला पाठवलं गेलं.

तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून भारतातल्या कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत जो तो कापसात आणि शेअरात पैसे ओतत होता. या तेजीत जमशेदजी कापसाच्या हुंड्या घेऊन लंडनला गेले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि खिशातल्या हुंड्यांची रद्दी झाली.

पंचवीस-सव्वीस वर्षांचा हा पोरगा परक्या शहरात देणेकऱ्यांपुढे उभा राहिला आणि काही न लपवता हिशेब मांडला. त्याचा सरळपणा पाहून देणेकऱ्यांनी त्यालाच महिना २० पौंड पगारावर दिवाळखोरीचा कारभार निस्तरायला ठेवलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

तुमचा माल कितीही चांगला असो, हजारो मैलांवरच्या एका राजकीय घटनेने धंदा बुडू शकतो, हे जमशेदजींनी ऐन तारुण्यात स्वतःच्या पैशाने शिकून घेतलं. पुढचं समजून घ्यायला हे लक्षात ठेवावं लागतं.

मिल विकता येते, खाण विकता येत नाही

१८६८ मध्ये त्यांनी २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, नाव ठेवलं अलेक्झांड्रा मिल. दोन वर्षांत ती फायद्यात विकूनही टाकली.

मग १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची नवी कंपनी काढली आणि सगळ्यांना वेड्यात काढायला लावणारा निर्णय घेतला. गिरणी मुंबईत न काढता नागपुरात काढायची. कारण कापूस तिथे पिकतो, कोळसा जवळ आहे, जमीन स्वस्त आहे. जुम्मा तलावाजवळच्या पाणथळ जागेत भर घालायचं काम सुरू झालं तेव्हा एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याला वाटलं. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं म्हणतात, की टाटांनी माती पुरली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, मिल सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस.

आता अलेक्झांड्रा मिलचा व्यवहार परत आठवा. गिरणीत चुकलं तर गिऱ्हाईक बघून ती विकता येते. यंत्रं उचलून दुसरीकडे नेता येतात.

खाणीचं तसं नाही. डोंगर आहे तिथेच राहणार. आधी जंगलात माणसं पाठवायची, खड्डे घ्यायचे, नमुने तपासायचे. हा सगळा खर्च एक रुपयाही मिळायच्या आधी. त्यानंतर रस्ता, रेल्वेचा फाटा, भट्टी. नफा दिसायला कित्येक वर्षं जातात. सुरुवातीला सरकारला तुमची गरज असते, म्हणून ते गोड बोलतं. एकदा तुमचा पैसा जमिनीत गेला की तुम्ही पळून जाऊ शकत नाही, आणि मग अटी बदलायची ताकद सरकारच्या हातात जाते. खाणीचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला ही भीती असते. मग ती कंपनी आज आफ्रिकेत तांबं शोधत असो नाहीतर दक्षिण अमेरिकेत लिथियम.

जमशेदजींनी लोहाऱ्याचं खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. कोळशाने निराशा केली, लोखंड गाळायला तो चालणारा नव्हता. पण अडचण तेवढीच असती तर त्यांनी कोळसा दुसरीकडून आणायचा विचार केला असता. दुसरा अडथळा सरकारी होता. खनिज शोधण्याचे आणि काढण्याचे परवाने ज्या अटींवर मिळत होते त्या इतक्या जाचक होत्या, की खासगी माणसाने त्यात मोठी रक्कम अडकवावी असं काही त्यांत नव्हतं. शोधासाठी खर्च करायचा तुम्ही, आणि पुढचं सगळं अधिकाऱ्यांच्या मर्जीवर.

जमशेदजींनी विषय बाजूला ठेवला. मनातून काढला नाही. पुढची सतरा वर्षं ते भारतातल्या खनिजांबद्दल जे काही छापून येईल त्याची कात्रणं जमवत राहिले.

दरम्यानच्या काळात सरकारने काय दाखवलं?

या सतरा वर्षांत जमशेदजी स्वस्थ बसले नव्हते. १८८६ मध्ये त्यांनी स्वदेशी मिल काढली. बंगळूरमध्ये रेशमाचा प्रयोग केला. ब्रिटिश जहाज कंपन्या मालाचं भाडं भरमसाट लावतात म्हणून १८९३ च्या सुमारास जपानी कंपनीला हाताशी धरून स्वतःची जहाजं चालवून पाहिली. समोरच्यांनी भाडं इतकं पाडलं की टाटांना ती सेवा गुंडाळावी लागली. तक्रार केली, पण सरकार मदतीला आलं नाही.

१८९६ मध्ये त्याहून वाईट झालं. इंग्लंडच्या कापडावर भारतात आयातकर होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना तो खुपत होता. मग सरकारने काय करावं? भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, म्हणजे इंग्लंडच्या मालाचं नुकसान व्हायला नको. आपल्याच देशातल्या उद्योगावर कर, तोही परक्या स्पर्धकाच्या सोयीसाठी. जमशेदजींनी याविरुद्ध आकडे मांडून लेखन केलं. कर तसाच राहिला.

असं सरकार उद्या खाणीच्या बाबतीत कसं वागेल, याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नव्हती.

साठीत पुन्हा सुरुवात

१८९९ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. मेजर महॉन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतात लोखंड-पोलादाचा आधुनिक कारखाना काढता येईल असा अहवाल दिला. आणि नव्याने आलेला व्हॉइसरॉय लॉर्ड कर्झन याच्या सरकारने खनिज परवान्यांचे नियम सैल केले.

कर्झनला भारतीय उद्योजकांचा पुळका आला होता असं नाही. जमशेदजींनी विज्ञानसंस्थेसाठी ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली होती, त्यावर याच सरकारने वर्षानुवर्षं शंका काढल्या. नियम सैल झाले ते मुख्यतः ब्रिटिश भांडवल भारतातल्या खनिजांकडे यावं म्हणून. पण नियम झाले की ते सगळ्यांना लागू होतात.

तेव्हा जमशेदजी साठीचे होते, तब्येतीच्या कुरबुरी सुरू झाल्या होत्या. तरी १९०० मध्ये ते लंडनला गेले आणि भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले. मध्य प्रांतातल्या एखाद्या कमिशनरचा शब्द त्यांना पुरेसा वाटत नव्हता. कमिशनर बदलतो. त्यांना सर्वात वरच्या खुर्चीतल्या माणसाचा पाठिंबा हवा होता. हॅमिल्टन यांनी तो दिला आणि भारत सरकारलाही तसं कळवलं.

हे झाल्यावर माणूस एकदम बदलला. सतरा वर्षं हात आखडून बसलेले जमशेदजी १९०२ मध्ये अमेरिकेला गेले, क्लीव्हलंड, पिट्सबर्ग, अलाबामातलं बर्मिंगहॅम पालथं घातलं. तिथल्या तज्ज्ञांनी बजावलं, की नुसत्या शोधासाठीच प्रचंड खर्च येईल आणि हाती काही लागेलच याची खात्री नाही. जमशेदजी तयार होते. निसर्गाने फसवलं तर त्यांची हरकत नव्हती. न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन या सल्लागार अभियंत्याकडे त्यांनी काम सोपवलं आणि पेरिन यांनी सी. एम. वेल्ड या भूगर्भतज्ज्ञाला भारतात धाडलं.

अजब बंगल्यातला नकाशा आणि गोंदियावरून जाणारी गाडी

वेल्ड, जमशेदजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापूरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात फिरले. (हेच सकलातवाला पुढे ब्रिटनच्या संसदेत कम्युनिस्ट खासदार म्हणून गाजले. घरात असंही एखादं निघतं.) लोहाऱ्याचं खनिज खरंच चांगलं निघालं. पण मोठ्या कारखान्याला वर्षानुवर्षं पुरेल इतका साठा एका जागी नव्हता आणि जवळ योग्य कोळसाही नव्हता. ज्या जागेसाठी सतरा वर्षं वाट पाहिली, ती काही महिन्यांत सोडून द्यावी लागली.

म्हणजे १८८२ मध्ये परवाना मिळून जमशेदजींनी तिथे पैसा ओतला असता तर कदाचित बुडालेच असते. पण ते तेव्हाच कळलं असतं आणि दुसरी जागा शोधायला सतरा वर्षं हाती उरली असती. वाईट नियमांनी देशाचं नुकसान होतं ते असं, कुठल्याही हिशेबाच्या वहीत ते दिसत नाही.

शोध थांबवतोय हे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेबांना वेळ होता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भ नकाशा होता आणि दुर्ग भागात लोखंडाची खूण केलेली होती. प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाने सरकारी नोकरीत असताना, १८८७ च्या सुमारास, ती नोंद केली होती. नोंद सरकारच्याच दप्तरात पडून होती.

नागपूरहून दुर्गला जायला बंगाल-नागपूर रेल्वे. भंडारा, तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, मग दरेकशाचा घाट उतरून डोंगरगड. पुढे दल्ली-राजहराच्या डोंगरांवर खनिज इतकं घट्ट होतं, की चालताना धातूवर पाय पडल्यासारखा आवाज येई असं वर्णन आहे. खनिज भरपूर, पण जवळ कोळसा नाही आणि पुरेसं पाणी नाही.

तेवढ्यात त्याच प्रमथनाथ बोस यांचं पत्र आलं. तारीख २४ फेब्रुवारी १९०४. बोस आता मयूरभंज संस्थानात कामाला होते आणि तिथे गोरुमहिसानी डोंगरात लोखंड आहे, झरियाचा कोळसाही जवळ आहे, असं त्यांनी जमशेदजींना कळवलं.

मयूरभंज हे संस्थान होतं. तिथे ब्रिटिश मुलखातले खाण-नियम थेट लागू नव्हते, करार महाराजांशी करायचा होता. महाराजा श्रीरामचंद्र भंजदेव यांना आपल्या राज्यात उद्योग हवा होता, त्यांनी सवलतीच्या अटींवर खाणपट्टा दिला.

जमशेदजींना हे पाहायला मिळालं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नौहाइम इथे ते गेले. लोखंडाचा एक तुकडाही तोवर निघाला नव्हता.

लंडनने नाही म्हटलं

कारखान्यासाठी भांडवल उभं करायला दोराबजी आधी लंडनच्या बाजारात गेले. भारतातला पोलाद कारखाना, तोही भारतीयांच्या हाती, म्हणजे तिथल्या गुंतवणूकदारांना धोका वाटला. पैसे द्यायचे तर ताबाही त्यांना हवा होता. बोलणी फिसकटली. मग १९०७ मध्ये मुंबईत शेअर विक्रीला काढले. स्वदेशी चळवळीचे दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार लोकांनी मिळून १६ लाख पौंडांहून जास्त भांडवल भरलं. राजकारणाचा वारा कधी उलटा लागतो तसा कधी पाठीशीही लागतो. सरकारने दरवर्षी २० हजार टन रूळ दहा वर्षं घ्यायचं कबूल केलं, ही हमीही कामी आली. साकची गावात कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिलं पोलाद निघालं. १९१९ मध्ये साकचीचं नाव जमशेदपूर झालं.

या करारांवर महाराजांची सही होती, सरकारची होती, कंपनीची होती. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या संथाळ आणि हो लोकांना कोणी विचारलं नव्हतं. चांद्याच्या बाजूलाही छोट्या भट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळणारे लोक होते, जंगलं राखीव झाल्यावर त्यांना भट्टीपुरतं लाकूड मिळणंही मुश्कील झालं. राहिलेला हा हिशेब पुढे कधीतरी वर येतोच. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या सूरजागडला २००७ मध्ये खाणपट्टा दिला गेला. तिथे ग्रामसभांचा विरोध झाला, २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खाणीवरच्या कित्येक गाड्या जाळल्या. प्रत्यक्ष काम सुरळीत व्हायला पट्टा मिळाल्यावरही खूप वर्षं गेली.

आणि जे परदेशातून आले, त्यांचं काय झालं?

जमशेदजी वाट बघत होते त्या काळात एक ब्रिटिश कंपनी याच भागात उतरली होती. तिचं लक्ष मँगनीजवर होतं, पोलादाला कणखरपणा देणाऱ्या खनिजावर. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली आणि नागपूर, भंडारा, बालाघाट पट्ट्यात तिने खाणी काढल्या. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता, तो वेगळा झाला १ मे १९९९ ला. १९०३ ते १९०५ दरम्यान गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत नॅरोगेज रेल्वे झाली आणि गोंदिया जंक्शन बनलं. त्याच सुमारास रशियात युद्ध आणि बंडाळी होऊन तिथलं मँगनीज बाजारात कमी झालं, भाव चढले. रशियातली राजकीय जोखीम बालाघाट-भंडाऱ्याच्या पथ्यावर पडली.

कंपनीने पन्नासहून जास्त वर्षं धंदा केला. सरकार तिचं होतं, नियम तिच्या सोयीचे होते. १९४७ ला सरकार बदललं. १९५६ च्या औद्योगिक धोरणात लोह आणि मँगनीज खनिजांचं उत्खनन सरकारी क्षेत्रासाठी राखून ठेवलं गेलं. १९६२ मध्ये भारत सरकार आणि कंपनी यांच्यात करार झाला आणि मँगनीज ओर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉईल, स्थापन झाली. ५१ टक्के हिस्सा केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचा, ४९ टक्के ब्रिटिश कंपनीचा. १९७७ मध्ये तो ४९ टक्क्यांचा हिस्साही सरकारने विकत घेतला.

कंपनीला कोणी रातोरात हाकललं नाही. बोलणी झाली, करार झाले, टप्प्याटप्प्याने झालं. जगात अनेक ठिकाणी हे याहून खूप कडवटपणे झालं आहे. आणि आपल्या जमिनीतलं खनिज कोणी, कोणत्या अटींवर काढायचं हे ठरवण्याचा नव्या देशाचा हक्क नाकारताही येत नाही. पण लंडनमधल्या भागधारकाच्या जागी बसून पाहिलं तर १८८२ मध्ये जमशेदजींना जी भीती वाटत होती, तीच इथे खरी ठरली होती.

दोराबजींनी सोडून दिलेले दल्ली-राजहराचे डोंगरही पडून राहिले नाहीत. सोव्हिएत रशियाच्या मदतीने भिलाईचा सरकारी पोलाद कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याला खनिज तिथूनच मिळालं. मॉईलचं मुख्यालय आजही नागपुरात आहे आणि तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणी अजून चालू आहेत.